मुंबईची इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची का? एप्समपासून महालक्ष्मीपर्यंत

वारणाकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर इंडियन डर्बी होते आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत तिच्याविषयी जे छापून येते, त्यात शर्यतीपेक्षा टोप्या आणि पाहुण्यांचेच वर्णन अधिक असते. मला पैजेत किंवा टोप्यांत रस नाही. या शर्यतीचा इतिहास मात्र नीट समजून घ्यायचा आहे. डर्बी मूळची इंग्लंडमधील एप्समची आणि ती तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असते, असे सगळीकडे वाचायला मिळते. मुंबईच्या डर्बीची अट मात्र चार वर्षांच्या घोड्यांची आहे. अंतर तेच, म्हणजे सुमारे २४०० मीटर, नाव तेच, शर्यतही तशीच अडथळ्यांविना, मग वयातच हा एका वर्षाचा फरक का पडावा? शिवाय, घोड्यांच्या शर्यतीत सर्वांत मानाची स्पर्धा पूर्ण वाढ झालेल्या, मुरलेल्या घोड्यांची असायला हवी असे सहज वाटते. ती कोवळ्या घोड्यांची का असते, हेही मला उमगलेले नाही.

आणखी एक गोष्ट विचारतो. १९४३ सालची पहिली इंडियन डर्बी बडोद्याच्या गायकवाड महाराजांच्या घोड्याने जिंकली असे ऐकून आहे. याच घराण्याचा 'सयाजीराव' नावाचा एक घोडा इंग्लंडमध्ये गाजला होता, असेही एका ज्येष्ठ गृहस्थांनी सांगितले. यात तथ्य किती, ते जाणकारांनी सांगावे.

अश्ववैद्य

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर पंचांगात आणि पावसात आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. मी पशुवैद्यक आहे आणि नोकरीची बरीच वर्षे घोड्यांच्या सहवासात गेली आहेत.

थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीच्या घोड्याचे कागदोपत्री वय त्याच्या खऱ्या जन्मतारखेवरून मोजत नाहीत. उत्तर गोलार्धातील प्रत्येक थरोब्रेडचा वाढदिवस १ जानेवारीला धरला जातो, मग शिंगरू जानेवारीत जन्मलेले असो की मे महिन्यात. इंग्लंडमध्ये पूर्वी हा दिवस १ मे होता आणि तो एकोणिसाव्या शतकात बदलला. आता एक साधे गणित करून पाहा. समजा, पुण्याजवळच्या एखाद्या स्टड फार्मवर मार्च २०२० मध्ये एक शिंगरू जन्माला आले आणि त्याच महिन्यात इंग्लंडमध्येही दुसरे जन्मले. इंग्लंडमधील घोडा जून २०२३ मध्ये एप्समला धावेल, तेव्हा तो कागदोपत्री तीन वर्षांचा आणि प्रत्यक्षात सव्वातीन वर्षांचा असेल. पुण्याचा घोडा फेब्रुवारी २०२४ मध्ये महालक्ष्मीला धावेल, तेव्हा कागदावर तो चार वर्षांचा असला तरी त्याचा चौथा वाढदिवस अजून महिनाभर दूर असेल. म्हणजे नावापुरता फरक एका वर्षाचा दिसत असला तरी खरा फरक आठ महिन्यांचा आहे. दोन्ही घोडे एकाच वर्षीच्या पिढीचे असून आपला घोडा डर्बीला पोहोचतो, तो एक पावसाळा जास्त पाहून.

आता हे आठ महिने कोठून आले, ते पाहू. जून ते सप्टेंबर मुंबईत शर्यत होऊच शकत नाही, कारण त्या पावसात महालक्ष्मीच्या मैदानाचा चिखल होतो. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चालतो आणि पावसाळ्यात सगळा लवाजमा घाट चढून पुण्याला जातो, कारण पुण्याचा पाऊस त्या मानाने सोसण्यासारखा असतो. इंग्लंडमध्ये एप्रिल-मेपासून सप्टेंबरपर्यंत जो क्रम लागतो, तो आपल्याकडे डिसेंबरपासून सप्टेंबरपर्यंत ताणून बसवावा लागला. डिसेंबरमध्ये मुंबईला 'गिनी' नावाच्या दोन मानाच्या शर्यती होतात आणि त्या वेळी हे घोडे कागदावर तीन वर्षांचेच असतात. जानेवारी उजाडला की एका रात्रीत ते चार वर्षांचे होतात, महिनाअखेरीस तरुण घोडींची ओक्स ही शर्यत होते, फेब्रुवारीच्या आरंभी डर्बी आणि सप्टेंबरमध्ये पुण्याला सेंट लेजर. गिनी ते डर्बी हा जेमतेम दोन महिन्यांचा प्रवास असला तरी मध्ये १ जानेवारी येतो आणि त्यामुळे कागदावरचे वय बदलते. गोम एवढीच आहे.

वैद्यकाच्या दृष्टीने मला आपली तारीख एप्समपेक्षा बरी वाटते. घोड्याच्या पुढच्या पायातील गुडघ्याच्या वरच्या हाडाची वाढपट्टी साधारण दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान बंद होते, पाठीच्या मणक्यांच्या वाढीला मात्र त्याहून बराच अधिक काळ लागतो. त्यामुळे २४०० मीटर पूर्ण वेगाने धावायला लावण्यापूर्वी मिळालेले आठ महिने वाया गेले, असे कोणी म्हणू नये.

खंडाळेकर

अश्ववैद्यांनी तारखेचा उलगडा उत्तम केला आहे. 'कोवळे घोडेच का' या प्रश्नाचे उत्तर द्यायला मात्र इंग्लंडच्या अठराव्या शतकात जावे लागेल, आणि तो भाग मला स्वतःला सर्वांत रंजक वाटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रश्नकर्त्यांना जे सहज वाटते, तेच त्या काळच्या इंग्रजांनाही वाटत असे. तेथील राजाच्या नावाने होणाऱ्या मानाच्या शर्यती मुळात सहा वर्षांच्या घोड्यांसाठी असत. पाठीवर १२ स्टोन, म्हणजे सुमारे ७६ किलो वजन, अंतर चार मैल, आणि तेही एकदा धावून भागत नसे. थोडी विश्रांती देऊन त्याच घोड्यांना पुन्हा धावायला लावीत आणि ज्याने दोन फेऱ्या जिंकल्या तो विजेता. ही परीक्षा वेगाची कमी आणि दमाची जास्त होती. लढाईवर किंवा लांबच्या प्रवासाला नेण्यासाठी घोडा कसा आहे, हे त्यातून कळत असे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. धनिक जमीनदारांनी घोड्यांची पैदास हाच छंद आणि व्यवसाय केला होता, आणि शिंगरावर सहा वर्षे खर्च करून मग ते कसे निघाले हे पाहण्याइतका धीर त्यांच्याकडे उरला नव्हता. लवकर निकाल हवा होता, पैजेचा फड लवकर रंगायला हवा होता, आणि चांगला निघालेला नर लवकरात लवकर पैदाशीला लावायचा होता. म्हणून एकाच वर्षी जन्मलेल्या घोड्यांची, एकदाच धावायची, कमी अंतराची शर्यत ही कल्पना पुढे आली. १७७६ मध्ये डॉन्कास्टरला सेंट लेजर सुरू झाली आणि १७७९ मध्ये एप्समला ओक्स, फक्त तीन वर्षांच्या फिलींसाठी, म्हणजे तरुण घोडींसाठी. १२वे अर्ल ऑफ डर्बी यांचे एप्समजवळ 'द ओक्स' नावाचे घर होते, त्यावरून ते नाव पडले, आणि पहिली ओक्स त्यांच्याच 'ब्रिजेट'ने जिंकली. पुढच्या वर्षी कोल्ट, म्हणजे तरुण नर, आणि फिली दोघांसाठी शर्यत ठरली. तिला अर्ल ऑफ डर्बी यांचे नाव द्यावे की त्यांचे स्नेही सर चार्ल्स बनबरी यांचे, याचा निर्णय नाणे उडवून झाला अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, ४ मे १७८० रोजी झालेली पहिली डर्बी बनबरींच्या 'डायोमेड'ने जिंकली, हे मात्र पक्के आहे. अर्लसाहेबांना स्वतःच्या नावाची शर्यत जिंकायला १७८७ पर्यंत थांबावे लागले.

पहिल्या डर्बीचे अंतर एक मैल होते. १७८४ मध्ये ते दीड मैल करण्यात आले आणि आपण ज्याला २४०० मीटर म्हणतो ते हेच. एप्समचे मैदान सपाट मुळीच नाही, आणि 'फ्लॅट रेस' या नावाने कोणाची फसगत होऊ नये म्हणून हे मुद्दाम सांगतो. त्या नावाचा अर्थ वाटेत उडी मारण्याचे अडथळे नाहीत, एवढाच. पहिल्या अर्ध्या भागात घोडे सुमारे चाळीस मीटरचा चढ चढतात, मग टॅटनहॅम कॉर्नरच्या डाव्या वळणाकडे उतरत उतरत भरधाव येतात, आणि शेवटच्या सरळ भागात जमीन आतल्या कठड्याकडे तिरकी उतरलेली असते, त्यामुळे दमलेला घोडा आपोआप आत ओढला जातो. तोल सावरत धावण्याची ही परीक्षा केवळ वेगवान घोड्याला झेपत नाही. महालक्ष्मीचे मैदान त्या मानाने जवळपास सपाट असल्याने आपल्याकडे कस लागतो तो वेगाचा आणि जॉकीच्या अदमासाचा.

डायोमेडची पुढची कथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. निवृत्तीनंतर तो पैदाशीला फारसा उपयोगी ठरला नाही असे इंग्लंडमध्ये ठरले आणि १७९८ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याला अवघ्या ५० गिनींना (गिनी हे जुने इंग्रजी नाणे) अमेरिकेला विकून टाकण्यात आले. व्हर्जिनियात गेल्यावर त्या म्हाताऱ्याने पैदाशीत असे काही यश मिळवले की पुढच्या अनेक दशकांच्या अमेरिकन थरोब्रेडांच्या वंशावळीत त्याचे नाव येत राहिले. डर्बी हा पैदाशीचा कौल असतो असे म्हणतात. पहिल्याच डर्बीच्या बाबतीत तो कौल खरा होता, फक्त तो ऐकायची इंग्रजांची तयारी नव्हती.

अश्ववैद्य

खंडाळेकरांनी पैदाशीचा मुद्दा काढला, त्याला एक शेपूट जोडतो. एकाच पिढीच्या घोड्यांची शर्यत म्हटली की वयाची चोरी आलीच. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत आदत, दुसा असे दातांवरून गट पाडतात आणि मैदानावर बैलाचे तोंड उघडून पाहणारा जाणता माणूस लागतो. डर्बीच्या इतिहासातील सर्वांत मोठी लबाडी नेमकी याच ठिकाणी झाली.

घोड्याला वरच्या आणि खालच्या जबड्यात पटाशीचे सहा-सहा दात असतात. मधली दुधाची जोडी साधारण अडीच वर्षांला पडते आणि तिसऱ्या वर्षी तेथे कायमचे, रुंद, किंचित पिवळसर दात झिजायला लागलेले दिसतात. त्यांच्या शेजारची जोडी साडेतीनला बदलते आणि कोपऱ्यातील साडेचारला. म्हणून तीन वर्षांच्या घोड्याच्या प्रत्येक जबड्यात कायमच्या पटाशीच्या दातांची एक जोडी असते, आणि चार पूर्ण झालेल्या घोड्याच्या जबड्यात दोन जोड्या. दुधाचा दात लहान, पांढराशुभ्र आणि हिरडीशी निमुळता असतो. तो कायमच्या दाताशेजारी पाहिला की नवखा माणूसही फरक ओळखेल. सईसाने नाक वर धरून ओठ बाजूला सारायचा आणि आपण पाहायचे, हे मिनिटाभराचे काम आहे.

१८४४ च्या एप्सम डर्बीत 'रनिंग रेन' नावाचा घोडा पहिला आला. तो तीन वर्षांचा नसून 'मॅकॅबियस' नावाचा चार वर्षांचा घोडा आहे, असा संशय शर्यतीपूर्वीच व्यक्त झाला होता. लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांनी पाठपुरावा केला आणि दुसऱ्या आलेल्या 'ऑर्लँडो'चे मालक कर्नल पील यांच्यासह प्रकरण न्यायालयात गेले. न्यायमूर्ती आल्डरसन यांनी सांगितले की, मला घोडा दाखवा. दातच सारे काही सांगणार होते. घोडा मात्र हजर झालाच नाही, तो कोठे तरी नाहीसा करण्यात आला होता. रनिंग रेनच्या मालकाचा दावा फसला आणि डर्बी ऑर्लँडोला मिळाली. कहर म्हणजे त्याच शर्यतीत पाय मोडल्यामुळे मारावा लागलेला 'लिअँडर' नावाचा घोडाही, मेल्यावर जबडा तपासला तेव्हा, चार वर्षांचा निघाला. ज्या शर्यतीत आठ महिन्यांनी इतका फरक पडतो, तेथे एका वर्षाची लबाडी काय करील, याची कल्पना यावरून यावी.

आज हे शक्य नाही. प्रत्येक शिंगराची नोंद स्टड बुकात होते, डीएनएवरून आई-बाप ताडून पाहिले जातात आणि मानेत चिप बसवली जाते. भारतातील थरोब्रेडांच्या वंशावळीची नोंद ठेवणारी स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया पुण्यातच आहे. तरीही शिंगरू हातात आले की मी अजून आधी तोंड उघडून पाहतो.

वारणाकाठ

अश्ववैद्य आणि खंडाळेकर, दोघांचेही मनापासून आभार. १ जानेवारीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. आता १९४३ बद्दल आणि बडोद्याबद्दल कोणी लिहावे. ऐन महायुद्धात, तेही बेचाळीसच्या चळवळीच्या पाठोपाठ, कोणाला नवी शर्यत सुरू करायचे सुचले असेल, हे मला फार चमत्कारिक वाटते.

नीलमोहर

चमत्कारिक वाटते खरे, पण युद्धामुळेच ती सुरू झाली असे म्हणायला जागा आहे. त्याआधीच्या मुंबईतील शर्यती आठवून पाहा. भायखळ्याच्या मैदानावर इंग्रज शर्यती लावीत, १८८३ मध्ये महालक्ष्मीचे मैदान झाले, आणि एवढ्या साऱ्या काळात धावणारे चांगले घोडे बहुतांशी जहाजातून आलेले असत. आखाती देशांतून अरबी घोडे, ऑस्ट्रेलियातून 'वेलर', आणि मालकाची ऐपत असेल तर इंग्लंड-आयर्लंडमधून थरोब्रेड. भारतात पैदास होत होती, परंतु देशी घोड्याला बाहेरच्या घोड्यांबरोबर बरोबरीने धावता येत नसे. दुसऱ्या महायुद्धात जहाजे घोड्यांसाठी मोकळी राहिली नाहीत आणि आयात जवळपास आटली. मैदान होते, संस्थानिक होते, पैसा होता, फक्त घोडे येत नव्हते. मग भारतात जन्मलेल्या घोड्यांसाठी इंग्लंडच्या धर्तीवर मानाच्या शर्यती सुरू करणे हाच मार्ग उरला. १९४३ मध्ये इंडियन डर्बी सुरू झाली ती अशी. त्या वर्षी इंग्लंडची मूळ डर्बीसुद्धा स्वतःच्या घरी नव्हती. १९४० ते १९४५ ती एप्समऐवजी न्यूमार्केटला धावली.

चळवळीचा उल्लेख आलाच आहे, तर त्यातील योगायोग सांगते. त्या वर्षी गांधीजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते. तो राजवाडा ज्यांनी १८९२ मध्ये बांधला ते आगाखान तिसरे तोवर एप्समची डर्बी तीनदा जिंकून बसले होते: १९३० मध्ये 'ब्लेनहाइम', १९३५ मध्ये 'बहराम' आणि १९३६ मध्ये 'महमूद'. यांतला बहराम कधीच हरला नाही, त्याने गिनी, डर्बी आणि सेंट लेजर तिन्ही जिंकल्या. पुढे १९४८ आणि १९५२ मध्ये त्यांनी आणखी दोन डर्बी जिंकल्या. एप्समची डर्बी जिंकणारे भारतीय संस्थानिक मात्र एकच, राजपिपळ्याचे महाराज विजयसिंहजी. १९३४ मध्ये त्यांच्या 'विंडसर लॅड'ने, जिंकणार अशी हवा असलेल्या 'कोलंबो'ला मागे टाकले. नंतर त्यांनी तो घोडा ५०,००० पौंडांना विकला आणि त्याच वर्षी नव्या मालकासाठी त्याने सेंट लेजरही जिंकली. सौदा फायद्याचा झाला की तोट्याचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

बडोदेकर

बडोद्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या गावात हा विषय निघाला की अर्धे लोक अभिमानाने बोलतात आणि अर्धे विषय बदलतात, आणि माझ्या मते दोघांचेही बरोबर आहे.

पहिली इंडियन डर्बी जिंकणारी 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' ही फिली होती. मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड, आणि जॉकी एडगर ब्रिट हे ऑस्ट्रेलियन. प्रतापसिंहराव म्हणजे थोरले महाराज सयाजीराव तिसरे यांचे नातू, १९३९ मध्ये गादीवर आलेले. युद्ध संपताच त्यांनी आपला मोहरा इंग्लंडकडे वळवला. १९४५ मध्ये न्यूमार्केटच्या लिलावात त्यांनी एक वर्षाचे एक शिंगरू २८,००० गिनींना घेतले. एवढ्या वयाच्या शिंगराला तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत होती. कारण उघड होते: त्याचा सख्खा भाऊ 'डांटे' याने त्याच वर्षी डर्बी जिंकली होती. या शिंगराला महाराजांनी आजोबांचे नाव दिले, 'सयाजीराव'. त्याला आणि इतर घोड्यांना तयार करायला न्यूमार्केटला वॉरन प्लेस हे तबेल्यासकटचे घर घेतले आणि सॅम आर्मस्ट्राँग यांना ट्रेनर म्हणून नेमले.

१९४७ च्या हंगामात सयाजीराव गिनीमध्ये तिसरा आला आणि डर्बीतही तिसराच. पैजवाल्यांनी त्याच्या किमतीवरून टोमणे मारायला सुरुवात केली असावी, पण हा घोडा वेगापेक्षा दमाचा होता आणि अंतर वाढले की त्याची खरी जात दिसत असे. त्याने आयर्लंडची डर्बी जिंकली आणि सप्टेंबरमध्ये डॉन्कास्टरला सेंट लेजरमध्ये 'आर्बर'ला केवळ डोक्याच्या अंतराने हरवले. पाठीवर तेच एडगर ब्रिट होते, ज्यांनी चार वर्षांपूर्वी मुंबईत प्रिन्सेस ब्यूटिफुलला जिंकून दिले होते. भारत स्वतंत्र होऊन जेमतेम महिना झाला होता आणि इंग्लंडच्या सर्वांत जुन्या क्लासिक, म्हणजे तीन वर्षांच्या घोड्यांच्या मानाच्या, शर्यतीच्या निकालात सयाजीराव हे नाव सर्वांत वर झळकत होते. पुढच्या वर्षी महाराजांच्या 'माय बाबू'ने २००० गिनी जिंकली. तोही डर्बीला मात्र चौथाच आला आणि एप्समचा मान बडोद्याच्या हाती काही लागला नाही.

विषय बदलणारे लोक का बदलतात, तेही सांगायला हवे. हा सगळा खर्च ज्या वर्षांत झाला, त्याच वर्षांत संस्थानांचे विलीनीकरण चालू होते आणि बडोद्याच्या तिजोरीतून महाराजांनी उचललेल्या रकमांवरून मोठा वाद झाला. १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांची महाराज म्हणून असलेली मान्यता काढून घेतली. ज्या आजोबांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणि गावोगावी वाचनालये उभी केली, त्यांचे नाव २८,००० गिनींच्या शिंगराला द्यावे, यात भक्ती होती की विसंगती, हा प्रश्न मला नेहमी पडतो. माझे उत्तर विसंगतीकडे झुकते. घोडा मात्र नावाला जागला.

खंडाळेकर

बडोदेकर, फार चांगले लिहिलेत. विसंगतीबद्दल मात्र मी थोडा वेगळा विचार करतो. संस्थानिकांनी इंग्लंडमध्ये जे उधळले ते उधळलेच, पण मुंबई-पुण्याकडे त्यांनी आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या पारशी व गुजराती धनिकांनी जी पैदास रुजवली, तिच्यामुळेच स्वातंत्र्यानंतर ही शर्यत टिकली. संस्थाने गेली तरी मैदानावरची घोड्यांची संख्या घटली नाही. थेऊर, मांजरी, येरवडा, मावळ या पुण्याभोवतीच्या पट्ट्यात स्टड फार्म उभे राहिले. जॉकीही इथलेच तयार झाले. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे ही नावे आमच्या वडिलांच्या पिढीतील शौकिनांच्या तोंडी असत, आणि पुढे पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून ही डर्बी आठ वेळा जिंकली.

या पैदाशीतून निघालेली एक वाट तर शर्यतीच्या बाहेरच गेली. १९४६ मध्ये सोली पूनावाला यांनी पुण्यात स्टड फार्म सुरू केले. शर्यतीतून आणि पैदाशीतून निवृत्त झालेले घोडे तेथून मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, कारण सर्पदंश आणि धनुर्वातावरील प्रतिद्रव्ये घोड्यांच्या रक्तापासून बनवीत. ही औषधे आपणच का बनवू नयेत, असा विचार त्यांचे पुत्र सायरस पूनावाला यांनी केला आणि १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. आज इंडियन डर्बी सायरस यांच्या पत्नी विलू पूनावाला यांच्या नावाने धावली जाते, त्यामागे एवढा इतिहास आहे. करोनाच्या काळात ज्यांनी ज्यांनी सीरमची लस घेतली, त्यांचा या घोड्यांशी दूरचा संबंध पोहोचतो. राजांच्या शौकाचा हिशेब मांडताना ही बाजूही जमेस धरावी, एवढेच माझे म्हणणे.

बडोदेकर

जमेस धरतो, पण ती जमा पूनावालांच्या खात्यावर. गायकवाडांच्या खात्यावर नाही.

वारणाकाठ

एक शेवटची शंका. पहिली इंडियन डर्बी एका फिलीने जिंकली, असे बडोदेकरांनी लिहिले आहे. एप्समलाही असे होते का? की कोल्टांपुढे फिलींचा निभाव लागत नाही?

अश्ववैद्य

एप्समला फार क्वचित झाले आहे. १७८० पासून आजवर फक्त सहा फिलींनी ती डर्बी जिंकली. पहिली १८०१ मध्ये 'एलेनॉर', आणि तीही पुन्हा त्या सर चार्ल्स बनबरींचीच. तिने डर्बीपाठोपाठ ओक्सही जिंकली. त्यानंतर १८५७ मध्ये 'ब्लिंक बॉनी', १८८२ मध्ये 'शॉटओव्हर', १९०८ मध्ये 'सिग्नोरिनेटा', १९१२ मध्ये 'टॅगाली' आणि शेवटची १९१६ मध्ये 'फिफिनेला', तीही युद्धामुळे न्यूमार्केटला झालेल्या डर्बीत. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ एकही नाही.

मुंबईत मात्र सुरुवातच फिलीने झाली आणि त्यानंतरही त्या जिंकत आल्या आहेत. २०१० मध्ये 'जॅकलीन'ने कोल्टांना मागे टाकले, ते अनेकांना आठवत असेल. फिलीला पाठीवरच्या वजनात थोडी सवलत दोन्हीकडे मिळते, त्यामुळे फरकाचे कारण तेथे शोधून चालणार नाही. माझ्या मते मुख्य कारण मालकांच्या निवडीत आहे. एप्समला ओक्स आणि डर्बी लागोपाठच्या दिवशी असतात आणि आपली उत्तम फिली मालक साहजिकच ओक्सला उतरवतो, जेथे तिला फक्त फिलींशी सामना असतो. ती डर्बीच्या रिंगणात येतच नाही, मग जिंकणार कशी? मुंबईत ओक्स आणि डर्बी यांच्यामध्ये काही दिवस मिळतात. फिली धडधाकट राहिली आणि ओक्सनंतर नीट खात-पीत असली, तर ट्रेनर तिला डर्बीलाही उतरवण्याचा विचार करू शकतो. दुसरे कारण पुन्हा त्या आठ महिन्यांचे असू शकते, पण ते ठामपणे सांगायला दोन्हीकडच्या फिली एकाच मैदानावर धावायला हव्यात, आणि तसे कधी घडलेले नाही.

पुढच्या फेब्रुवारीत जाणार असाल, तर शर्यतीआधी पॅडॉककडे उभे राहा. घोडे हाताच्या अंतरावरून फिरवले जातात. फिली कोल्टांच्या रांगेत शांत चालत असेल, कानामागे आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला घामाचा फेस नसेल, तर तिच्याकडे नीट लक्ष ठेवा.